जनरेटरचा चेंजओव्हर: स्विच नंतर, आधी न्यूट्रल

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोवीस सदनिकांची इमारत, दोन लिफ्ट, खाली ६२.५ केव्हीएचा जुना पण चालता जनरेटर. वीज गेली की वॉचमन खाली जातो, इंजिन चालू करतो, चेंजओव्हरचं (मेन आणि जनरेटर यांत पुरवठा बदलणाऱ्या स्विचचं) हँडल ओढतो आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सुरू होतात. आता सभेत ठरलंय की हे आपोआप व्हावं आणि घराघरातही थोडी वीज पोचावी. एक वायरमन म्हणतो, ‘येणाऱ्या मेन केबलवरच थ्री पोल ऑटोमॅटिक स्विच टाकतो, एका दिवसात काम.’ हे बरोबर आहे का, आणि बसवायचं कसं?

एका दिवसाचं त्याचं म्हणणं खरं आहे. स्विच एका दिवसात बसतो. पण जागा चुकली आहे आणि पोलही, म्हणजे स्विच एकदम किती वायरी तोडतो-जोडतो तेही, चुकले आहेत. अशा इमारतींची जी कामं मी केली त्यांत स्विच बसवायला जेवढा वेळ गेला, त्याच्या कित्येक पट वेळ कुणाचा न्यूट्रल कुठे जातो हे शोधण्यात गेला. ते शोधायच्या आत स्विचची ऑर्डर देऊ नका.

आधी जागेचं बघू. मीटरच्या आधी, मेन केबलवर, एकच मोठा स्विच टाकला तर सगळ्या घरांचा सगळा लोड एकदम जनरेटरवर येतो. वीज गेली त्या क्षणी ज्याचा गीझर चालू होता त्याचा तो चालूच असतो, एसीचं बटण कुणी बंद करत नाही. जनरेटर लोड घेतो, इंजिनाचा आवाज खाली बसतो, फ्रिक्वेन्सी पडते आणि ब्रेकर उडतो. वॉचमन पुन्हा चढवतो, पुन्हा उडतो. दुसरी भानगड पहिलं बिल आलं की कळते. जनरेटरची वीजही वीज कंपनीच्या मीटरमधूनच घरात जाते, म्हणजे डिझेल सोसायटीने भरायचं आणि तेच युनिट बिलात पुन्हा मोजायचे. अख्ख्या इमारतीला एकच मीटर असेल आणि जनरेटर सगळा लोड पेलणारा असेल, तर मेनवरचा एकच स्विच योग्य. तुमच्याकडे दोन्ही नाही.

मग रचना अशी करा. सामाईक लोड, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिना, गेट, कॅमेरे, त्यांच्या सामाईक मीटरनंतर एक फोर पोल एटीएस (पुरवठा आपोआप बदलणारा स्विच). घरांसाठी जनरेटरपासून वेगळी केबल राइझरमधून (मजल्यांमधून वर जाणाऱ्या वायरींच्या उभ्या वाटेतून) वर आणि प्रत्येक घराच्या मीटरनंतर एक छोटा एसीसीएल, म्हणजे करंटवर मर्यादा ठेवणारा आपोआप चेंजओव्हर. हा डबा मेन गेली की घर जनरेटरच्या लाइनवर घेतो आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे, समजा एक किलोवॅट, लोड गेला की तोडतो. थोड्या वेळाने पुन्हा जोडून बघतो. लोड तसाच असेल तर काही प्रयत्नांनंतर थांबतो. ज्याने गीझर चालू ठेवला त्याचंच घर अंधारात जातं, शेजाऱ्याचं नाही. भांडणं निम्मी होतात.

आता आकडे. ६२.५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला ५० किलोवॅट, आणि ४१५ व्होल्टला फेजमागे साधारण ८७ अँपिअर. चोवीस घरं प्रत्येकी एक किलोवॅट म्हणजे २४. लिफ्टच्या मोटरी ७.५ च्या दोन धरल्या तर १५, पंप ५.५, दिवे आणि बाकी किरकोळ २. बेरीज ४६.५. कागदावर बसतंय. सगळी घरं एकदम पूर्ण किलोवॅट घेत नाहीत, त्यामुळे चालू लोड याहून बराच कमी राहील. अडचण चालू लोडची नसते, सुरुवातीच्या धक्क्याची असते. ५.५ किलोवॅटचा पंप चालताना अकरा अँपिअरच्या आसपास घेतो, पण थेट चालू केला तर पहिल्या क्षणी सहा-सात पट ओढतो. म्हणजे साठ-सत्तर अँपिअर, आणि जनरेटरची पूर्ण क्षमता ८७. सगळीकडचे दिवे मिचमिचतात, लिफ्टचा ड्राइव्ह कमी व्होल्टेजची तक्रार करून थांबतो, आणि लोक म्हणतात नवीन स्विच खराब आहे. पंपाला स्टार-डेल्टा किंवा सॉफ्ट स्टार्टर लावा. स्टार-डेल्टाने सुरुवातीचा करंट साधारण एक तृतीयांशावर येतो. दोन्ही लिफ्टही एका क्षणी देऊ नका. दुसरीला दहा-पंधरा सेकंदांचा टायमर ठेवा.

घरातल्या इन्व्हर्टरांचाही हिशेब धरा, तो हमखास विसरला जातो. जनरेटर सुरू झाला की चोवीस घरांतले इन्व्हर्टर ‘वीज आली’ समजून बॅटऱ्या चार्ज करायला लागतात. १५ अँपिअरने चार्ज होणारी १२ व्होल्टची एक बॅटरी दोनशे वॅटच्या वर घेते, इन्व्हर्टरचं नुकसान वेगळं. दोन बॅटऱ्यांचा संच असेल तर दुप्पट. एक किलोवॅटच्या कोट्यातला तिसरा हिस्सा असा बॅटरीत जातो आणि घरमालक विचारतो, मी तर फक्त फ्रीज आणि दोन पंखे लावलेत.

उलटी चूकही होते. लोड फारच कमी राहील इतका मोठा जनरेटर घेऊ नये. डिझेल इंजिन सतत तीस टक्क्यांच्या खाली चालत राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, धुराड्यातून काळं ओलं तेल गळायला लागतं. तुमचा ६२.५ या कामाला पुरेसा आहे. ‘स्विचबरोबर जनरेटरही मोठा घ्या’ म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

अग्निशमनाचा पंप या सगळ्यात घालू नका. त्याची लाइन वेगळी, त्याचा चेंजओव्हर वेगळा, आणि एवढ्या जनरेटरला तो पेलत नसेल तर त्याला स्वतःचं डिझेल इंजिन. घरांचा लोड कमी-जास्त करणारी कुठलीही व्यवस्था त्याची वीज तोडू शकता कामा नये.

आता न्यूट्रल.

थ्री पोल स्विच तीन फेज बदलतो, न्यूट्रल तसाच जोडलेला ठेवतो. म्हणजे वीज कंपनीचा न्यूट्रल आणि जनरेटरचा न्यूट्रल कायमचे एकत्र. तुमच्या जनरेटरच्या अल्टरनेटरचा टर्मिनल बॉक्स उघडून बघा: न्यूट्रल तिथे अर्थला बांधलेला असेल. ट्रान्सफॉर्मरपाशी वीज कंपनीने तो आधीच अर्थ केलेला आहे. एकाच न्यूट्रलला दोन जागी अर्थ मिळाला की परतीचा करंट वायरने जायचं सोडून थोडा थोडा मातीतून, पाइपातून, लिफ्टच्या लोखंडातून जायला लागतो. त्यामुळे आरसीसीबी (करंटची गळती दिसली की वीज तोडणारे स्विच) कारण नसताना उडतात आणि मग कुणीतरी वैतागून आरसीसीबीच काढून टाकतो. जनरेटरकडची लिंक काढून टाकावी, तर आणखी मोठा धोका. वीज कंपनीने दुरुस्तीसाठी न्यूट्रलसकट लाइन सोडवली की तुमचा जनरेटर बिनअर्थचा चालतो. म्हणून फोर पोल, आणि जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरपाशीच एका ठिकाणी अर्थ केलेला. जिथे पुरवठ्याचा न्यूट्रल आणि अर्थ एकाच कंडक्टरने येतात तिथे ते स्विचच्या आधी वेगळे करायचे. तो एकत्र कंडक्टर स्विचच्या पोलमधून कधीही न्यायचा नाही.

फोर पोल घेतला की चौथ्या पोलवर फार मोठी जबाबदारी येते. तीन फेजवर घरं वाटलेली आहेत आणि न्यूट्रल सुटला तर काय होतं ते पाहा. एका फेजवर २००० वॅटचा लोड, दुसऱ्यावर २०० वॅटचा, तिसऱ्यावर काही नाही असं धरा. न्यूट्रल गेला की हे दोन्ही लोड ४०० व्होल्टमध्ये एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि व्होल्टेज उलट्या प्रमाणात वाटलं जातं. जड लोडला चाळीसच्या आत, हलक्या लोडला ३६० च्या वर. हलका लोड म्हणजे कुणाचा तरी टीव्ही, राउटर, फ्रीजचं कार्ड. मी एकदा असं झाल्यावर जाऊन पाहिलंय. चौथ्या पोलला दोन वेगळ्या जाडीच्या वायरी एकाच लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीत) कोंबल्या होत्या आणि बोल्ट हाताने फिरत होता. पॅनलवरचे तिन्ही दिवे छान लागलेले. सेक्रेटरींच्या घरात टीव्हीच्या मागून धूर. ठेकेदार सांगत होता, ‘तिन्ही फेज येतायत की.’

त्यामुळे दोन गोष्टींवर अडून राहा. चारही पोल एकाच कारखान्यात बनलेल्या एकाच स्विचमध्ये हवेत, आणि त्याची रचना अशी हवी की जोडताना न्यूट्रल आधी लागेल, तोडताना शेवटी सुटेल. थ्री पोल कॉन्टॅक्टरला शेजारी एक सुटा पोल जोडून ‘फोर पोल’ करणारे महाभाग भेटतात. त्यांना चहा पाजून परत पाठवा. घराघरातला एसीसीएलही डबल पोल हवा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा. फक्त फेज बदलणारे मिळतात, आणि ते या रचनेत चालत नाहीत.

का चालत नाहीत ते नीट समजून घ्या, कारण आपोआपच्या व्यवस्थेत आणि वॉचमनच्या हँडलमध्ये खरा फरक इथे आहे. हँडल असताना इमारतीत एका वेळी एकच पुरवठा असायचा. आता समजा, बाहेरून एकच फेज गेली. त्या फेजवरची आठ घरं एसीसीएलने जनरेटरवर गेली, बाकी सोळा मेनवरच राहिली. इमारतीत एकाच वेळी दोन पुरवठे जिवंत आहेत, त्यांचे दोन न्यूट्रल आहेत, आणि ते कुठेही एकमेकांना भेटता कामा नयेत. जुन्या इमारतीत ते भेटलेले असतातच. कुणी शेजारची सदनिका घेऊन भिंत पाडलेली असते, कुणी गॅलरीतल्या दिव्याला जिन्यातला न्यूट्रल घेतलेला असतो. मेन एकच असेपर्यंत हे कुणाला कळत नाही, कारण सगळे न्यूट्रल शेवटी एकाच बसबारवर (सामाईक धातूच्या पट्टीवर) जातात.

शोधायची पद्धत साधी आहे, फक्त चिकाटी लागते. एका घराची फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी मीटरनंतर एकत्र क्लॅम्प मीटरमध्ये (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरमध्ये) घ्यायच्या. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर मीटरवर शून्य दिसतं. मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प असेल तर उत्तम. घरातले दिवे-पंखे एकेक करून लावायचे आणि आकडा बघायचा. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आकडा हलेना, बेडरूमपर्यंत शून्यच. हॉलच्या टोकाचा पंखा लावला आणि आकडा एकदम काही अँपिअरवर गेला. एक पंखा एवढा घेत नाही! त्याच बटणावर गॅलरीचा दिवा आणि पलीकडच्या खोलीतला एक प्लग जोडलेला होता, प्लगमध्ये इस्त्री. भिंत पाडलेल्या जागी प्लास्टरमागे जोड सापडला: फेज या सदनिकेची, न्यूट्रल त्या सदनिकेचा. मालकांना याची काही कल्पना नव्हती, आणि असायचं कारणही नाही. अशी चोवीस घरं तपासायची. लोक कामावर जातात, चाव्या मिळत नाहीत, त्यामुळे दोन आठवडे धरा. मला तरी यापेक्षा कमी कधी लागले नाहीत.

काही जण घराच्या डीबीतच (घरातल्या ब्रेकरांच्या पेटीतच) विभागणी करतात: दिवे, पंखे, फ्रीज एसीसीएलवर आणि एसी-गीझर थेट मेनवर. राहणाऱ्याला हे सोयीचं असतं, काही बंद करावं लागत नाही. पण मग डीबीत दोन न्यूट्रल लिंक लागतात आणि प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल बरोबर लिंकवर न्यावा लागतो. नवीन बांधकाम असेल तर मी हेच करीन. जुन्या वायरिंगमध्ये मात्र अख्खं घर एसीसीएलमधून घ्यावं आणि डबा मीटर रूममध्येच बसवावा, असं माझं मत. घरातल्या डीबीवर विश्वास ठेवण्यापेक्षा लोकांच्या गीझर बंद करण्यावर विश्वास ठेवलेला बरा.

आता एटीएसचा स्विच निवडताना. जनरेटर ८७ अँपिअरचा म्हणून स्विच १०० चा, असा हिशेब करू नका. सामाईक लोड पंचवीस किलोवॅटच्या आत आहे, म्हणजे चाळीस-एक अँपिअर. ६३ चा पुरतो, मी १०० चा घेतो, कारण जास्त जागा असलेली टर्मिनलं थंड राहतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्विचला शॉर्ट सर्किट किती सोसतं ते. जनरेटरकडून येणारा फॉल्ट करंट लहान असतो, मेनकडून मोठा. बाहेर ५०० केव्हीएचा, चार टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या टर्मिनलपाशी सतरा-अठरा हजार अँपिअर निघतात. केबलच्या लांबीने ते कमी होतात, तरी स्विच आणि त्यामागचा ब्रेकर किंवा फ्यूज यांची जोडी उत्पादकाच्या तक्त्यात बसलेली हवी. ट्रान्सफर स्विचचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०९४७-६-१ आहे. डब्यावर तो आकडा आणि त्याखाली एसी-३३ ही श्रेणी आहे का ते पाहा. एसी-३१ श्रेणी हीटरसारख्या साध्या लोडसाठी असते, लिफ्ट-पंपाच्या मोटरींसाठी एसी-३३. त्याच मानकात पीसी वर्गाचा स्विच शॉर्ट सर्किट सोसतो पण स्वतः तोडत नाही. सीबी वर्गात तोडणारा ब्रेकरच असतो. पीसी घेतला तर त्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षण वेगळं लावायचं.

जनरेटरच्या बाजूचा ब्रेकर निवडताना उलटी काळजी. फॉल्ट झाल्यावर अल्टरनेटर पहिल्या क्षणी सात-आठ पट करंट देतो, मग काही आवर्तनांतच तो घसरतो. चांगल्या एक्सायटेशनचा असेल तर तीन पटीवर टिकतो, साधा असेल तर कोसळतो. दहा पटीला उडणारा ब्रेकर लावला तर तो फॉल्टला उडतच नाही, वायर तापत राहते. कमी मॅग्नेटिक सेटिंगचा ब्रेकर आणि अर्थ लीकेजचं संरक्षण, दोन्ही हवं.

इंटरलॉकवर दोन ओळी पुरेत, पण त्या सर्वांत महत्त्वाच्या. यांत्रिक आणि विजेचा, दोन्ही हवेत, म्हणजे दोन्ही पुरवठे एकदम लागणं शक्यच नसावं. ‘वॉचमन आधी मेन बंद करतो, मग डीजी (डिझेल जनरेटर) लावतो’ ही सवय झाली, इंटरलॉक नव्हे. जनरेटरची वीज उलटी बाहेर गेली तर तोच ट्रान्सफॉर्मर ती हजारो व्होल्टला चढवतो, आणि खांबावर लाइन बंद आहे समजून काम करणारा माणूस हात लावतो.

छतावर सोलर असेल तर तो कुठे जोडलाय ते आत्ताच सांगा, नंतर नको. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर व्होल्टेज दिसलं की त्याच्याशी जुळवून घेऊन वीज सोडतो. समोर जनरेटर आहे की ग्रिड, हे त्याला कळत नाही. दुपारी लोड कमी असेल तर तो जनरेटरलाच उलटा ढकलतो. सोलर एटीएसच्या मेन बाजूला ठेवा, किंवा एटीएसवरच्या सहायक कॉन्टॅक्टने जनरेटर लागताच तो बंद होईल असं करा.

कंट्रोलच्या वेळा. इंजिन चालू-बंद करणारं डोकं एएमएफ पॅनलमध्ये (मेन गेल्याचं ओळखणाऱ्या पॅनलमध्ये) असतं, एटीएस फक्त बाजू बदलतो. ठेकेदार दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, त्यामुळे कोटेशनमध्ये दोन्ही आहेत का ते बघा. सेन्सिंग, म्हणजे व्होल्टेज आहे की नाही यावर लक्ष, तिन्ही फेजचं हवं. व्होल्टेज ८५ टक्क्यांखाली गेलं की मेन गेली समजायची, ९० च्या वर आलं की आली. गेल्यावर तीन ते पाच सेकंद थांबून इंजिनला इशारा, नाहीतर क्षणभराच्या झटक्यालाही इंजिन उठेल. व्होल्टेज ९० टक्के आणि फ्रिक्वेन्सी ९५ टक्के झाल्याशिवाय लोड द्यायचा नाही. परत जाताना मात्र घाई नको. मेन सलग पाच मिनिटं टिकली तरच परत, कारण गेलेली वीज दोन-तीनदा डोळे मिचकावून मगच स्थिर होते. मग इंजिन तीन-चार मिनिटं रिकामं चालवून थंड करून बंद. बाजू बदलताना मधल्या, बंद स्थितीत दोन-तीन सेकंद थांबणारा स्विच घ्या. फिरत्या मोटरीत वीज तोडल्यावरही थोडा वेळ व्होल्टेज उरतं, आणि त्यावर दुसरा पुरवठा आदळला तर ब्रेकर उडतो किंवा शाफ्टला झटका बसतो.

लिफ्टवाल्याला या सगळ्यात सुरुवातीपासून घ्या. चांगल्या एटीएसमध्ये परतीच्या आधी लिफ्टला इशारा देणारा कॉन्टॅक्ट असतो. लिफ्ट जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडते आणि मग बाजू बदलते. तो जोडला नाही तर वीज आल्यामुळे माणसं अडकतात, हे समजावून सांगणं फार अवघड जातं.

बसवायच्या दिवशी काम परवानाधारक ठेकेदाराचंच असावं, मेन बंद करून तिला कुलूप आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात. मेगर (वायरीचं इन्सुलेशन जास्त व्होल्टेजने तपासणारं मीटर) लावायच्या आधी एटीएसचा कंट्रोलर आणि सेन्सिंगच्या वायरी सोडवा. ५०० व्होल्टच्या मेगरने नवा कोरा कंट्रोलर पहिल्याच दिवशी मेलेला मी पाहिलाय, आणि तो मेगर माझ्याच हातात होता. लग योग्य मापाचे, योग्य डायने क्रिम्प केलेले, एका लगमध्ये एकच वायर, आणि बोल्ट टॉर्क रेंचने उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत. आवळल्यावर बोल्टवरून नटापर्यंत मार्करने एक रेघ मारा. पुढच्या वर्षी रेघ सरकलेली दिसली तर सैल झालाय हे लांबूनही कळतं.

लोड द्यायच्या आधी फेज सीक्वेन्स मीटर. मेनचा क्रम आणि जनरेटरचा क्रम एकच हवा. उलटा असेल तर लिफ्टचा रिले लिफ्ट हलूच देत नाही, ते बरं. पंपाला मात्र असा रिले बहुतेक नसतो; मोटर उलटी फिरते, आवाज नेहमीसारखा येतो आणि पाणी वर चढत नाही. जनरेटरकडच्या दोन फेज अदलाबदल केल्या की झालं, पण ते जनरेटरच्या बाजूलाच करा, लोडच्या बाजूला नको.

चाचणी खरी करा. पॅनलवरचं ‘टेस्ट’ बटण दाबून इंजिन चालतं, लोड जात नाही. त्याने काही सिद्ध होत नाही. मेनचा इनकमर (येणाऱ्या लाइनचा मुख्य स्विच) बंद करून लिफ्ट, पंप, घरं सगळं जनरेटरवर जाऊ द्या, अर्धा तास चालवा, आणि त्याच वेळी प्रत्येक घरात फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा. मग एकेक फेजचं सेन्सिंग काढून बघा, इंजिन तिन्ही वेळा उठलं पाहिजे. शेवटची कसोटी ती मघाचीच: सेन्सिंग जागेवर ठेवून घरांकडे जाणारी एकच मुख्य फेज बंद करा, इंजिन सुरू करून काही घरं मेनवर आणि काही जनरेटरवर ठेवा, आणि जनरेटरच्या केबलच्या तिन्ही फेज अधिक न्यूट्रल क्लॅम्पमध्ये घ्या. शून्याच्या आसपास हवं. एखाद-दुसरा अँपिअर दिसला तर एक भिंत अजून सापडायची आहे.

त्यानंतर महिन्यातून एकदा अशीच लोडसकट चाचणी. जनरेटर ऐन वेळी चालू न होण्याचं कारण बहुतेक वेळा इंजिन नसतं, सुरू करायची बॅटरी असते. तिला मेनवर चालणारा चार्जर कायम जोडलेला हवा आणि त्या चार्जरचा एमसीबी कुणी बंद केलेला नाही हे चाचणीच्या दिवशी पाहायचं. मोटराइज्ड स्विच हाताने फिरवायचं हँडल पॅनलच्या दारावर आतून टांगून ठेवा, आणि ते लावायच्या आधी निवडस्विच ‘मॅन्युअल’वर न्यायचा, हे वॉचमनला प्रत्यक्ष करून दाखवा. ऑटोवर असताना हँडल अडकवलं आणि मोटर फिरली तर मनगट जातं.